शब्दांची विचारपूस: नारिंगाचं ऑरेंज झालं त्याची गोष्ट

मागच्या अंकात हापूसबद्दल लिहिलं होतं, अफोंसो या पोर्तुगीज नावाचं आपल्या तोंडी आधी आफूस आणि मग हापूस कसं झालं ते, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की दोन संध्याकाळी नुसत्या वाचण्यात गेल्या. त्यातली बरीचशी पत्रं एकाच फळाबद्दल आहेत. संत्रं, म्हणजे इंग्लिशमधलं ऑरेंज. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. पाच पत्रं निवडलीत, बाकीच्यांचे प्रश्न त्यातच येऊन जातील.

नमस्कार ताई, आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की इंग्लिशमधला ऑरेंज हा शब्द संस्कृतमधल्या 'नागरंग' या शब्दावरून आलाय, नाग म्हणजे हत्ती, एका हत्तीने खूप संत्री खाल्ली आणि तो मेला म्हणून फळाला ते नाव पडलं. माझा भाचा म्हणतो मामा हे सगळं थाप आहे. कोणाचं खरं? (एक वाचक, सांगली)

हत्ती सोडून द्या काका, त्या गोष्टीला काही आधार नाही, ती शब्द फोडून नंतर रचलेली आहे. पण भाच्यालाही सांगा की सगळं थाप नाहीये. ऑरेंज हा शब्द आपल्याकडूनच निघालाय हे अगदी खरं आहे, इंग्लिशची कुठलीही चांगली डिक्शनरी उघडा, तिथे मागे मागे जात शेवटी संस्कृत 'नारंग' दिलेलं सापडेल. नागरंग हे रूपही संस्कृतमध्ये आहे पण जगभर फिरला तो नारंग.

आता मला यातलं सगळ्यात आवडतं ते सांगते. लोक संस्कृतपाशी येऊन थांबतात, पण शब्द तिथे जन्मला नाही, तो संस्कृतमध्येही दक्षिणेकडून आलाय असं भाषेचे अभ्यासक मानतात. आणि ते पटायला डिक्शनरी लागत नाही, मुंबईत माटुंग्याला जा. तिथल्या तमिळ दुकानांत एक लोणचं मिळतं, नार्तंगाय नावाचं. हिरवं आंबट-कडू लिंबाच्या जातीचं फळ, ते न तोडता स्प्रिंगसारखं गोल गोल कापायचं, मधे मीठ भरायचं, आणि उन्हात वाळवून वाळवून काळपट होईपर्यंत मुरवायचं. दहीभाताबरोबर एक तुकडा पुरतो, जीभ आधी आक्रसते आणि मग जो वास नाकात चढतो तो संत्र्याच्या सालीचाच असतो. या नार्तंगायमधलं शेवटचं 'काय' म्हणजे फळ, मांगाय म्हणजे कैरी त्यातलंच. मलयाळममध्ये हेच काय घासून घासून 'ङ्ङा' झालंय, म्हणून तिकडे आंबा म्हणजे माङ्ङा, ज्याचं पोर्तुगीजांनी मांगा केलं आणि इंग्रजांनी मँगो, आणि लिंबू म्हणजे नारङ्ङा. ऐकलंत ना, नारङ्ङा! तर नारंगमधला तो शेवटचा 'अंग' आहे ना, तो मुळात 'फळ' असणार. म्हणजे मँगो आणि ऑरेंज हे इंग्लिश पुस्तकातले दोन शब्द शेवटाकडून सख्खे भाऊ निघाले.

इथून पुढचा प्रवास मात्र व्यापाऱ्यांचा आणि माळ्यांचा. फारसीने शब्द जसाच्या तसा घेतला, नारंग. अरबीत आपल्यासारखा 'ग' नाही म्हणून तिथे तो नारंज झाला. आणि इथे एक साक्षीदार आहे आपल्याकडे, अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी आणि इतिहासकार, दहाव्या शतकातला, बगदादचा. त्याने लिहून ठेवलंय की नारंजचं झाड हिजरी 300 नंतर, म्हणजे साधारण इसवी सन 912 च्या पुढे, हिंदुस्थानातून आणलं, आधी ओमानमध्ये लावलं, तिथून बसरा, इराक, सीरिया असं पसरलं. आणि पुढे तो म्हणतो की हिंदुस्थानात त्याला जो सुगंध आणि जो सुंदर रंग होता तो इकडे राहिला नाही कारण ती हवा, ती माती आणि ते पाणी इकडे नाही. अकराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने झाडाबद्दल हे लिहावं, आणि ते अगदी आपला शेतकरी बोलेल तसं असावं, मला तरी हे वाचून भरून आलं होतं.

हे सगळं आंबट नारिंगाबद्दल चाललंय हं, हे लक्षात ठेवा. गोड संत्रं तिकडे पुष्कळ नंतर गेलं. अरबांनी आंबट नारिंग सिसिली आणि स्पेनपर्यंत नेलं, मशिदींच्या अंगणात, राजवाड्यांत लावलं, सेव्हिलच्या रस्त्यांवर आजही दुतर्फा तीच झाडं आहेत आणि इंग्लिश लोकांचा तो कडवट मार्मलेड त्याच सेव्हिलच्या फळाचा करतात. स्पॅनिशमध्ये शब्द झाला नारांखा, पोर्तुगीजमध्ये लारांजा, हंगेरीत नारांच, इटलीत पहिला न गळून आरांचा, आणि फ्रान्समध्ये ओरेंज.

इंग्लंडला पोचल्याचा एक छान दाखला आहे. 1290 साली पोर्ट्समथ बंदरात एक मोठं स्पॅनिश जहाज लागलं, आणि राजा पहिला एडवर्ड याची राणी एलेनॉर, जी स्वतः स्पेनमधल्या कॅस्टीलची होती, तिच्यासाठी त्या जहाजावरून माल घेतला गेला. सेव्हिलची अंजिरं, बेदाणे, खजूर, 230 डाळिंबं आणि सात ऑरेंज. सात! हिशेबाच्या वहीत ते फ्रेंच पद्धतीने 'पोमा दे ओरेंज' असं लिहिलंय. माहेरची चव आठवली असेल बिचारीला, त्याच वर्षी ती वारली. तर तुमच्या ग्रुपवर हत्तीच्या ऐवजी ही राणी टाका, ही खरी आहे.

ताई, मी इंग्लिश शिकवतो. आमच्या सरांनी शिकवलं होतं की पूर्वी इंग्लिशमध्ये 'अ नॉरेंज' म्हणायचे, ते बोलता बोलता 'अ‍ॅन ऑरेंज' झालं आणि न गळला. मीही मुलांना हेच सांगतो. बरोबर आहे ना? (एक शिक्षक, नाशिक)

सर, तुमच्या सरांनी जी युक्ती सांगितली ती खरी आहे, फक्त ती इंग्लंडमध्ये घडलेली नाही. इंग्लिशमध्ये शब्द आला तेव्हाच तो न गळलेला होता. न गळला तो आधीच, फ्रेंच आणि इटालियन भाषांत. तिथेही 'एक' या अर्थाचा शब्द न च्या उच्चारावर संपतो, फ्रेंचमध्ये 'उन', इटालियनमध्ये 'उना', मग 'उन नोरेंज' म्हणायचं की 'उन ओरेंज' हे कानाला कळेनासं होतं, आणि एक न उडून जातो. शिवाय लॅटिन आणि फ्रेंचमध्ये सोन्यासाठी जे शब्द आहेत, ऑरम आणि ओर, त्यांचाही ओढा होता, पिवळंधमक फळ बघून लोकांना ते सोन्याचंच वाटलं असणार, आणि नारंजचं तोंड ओ कडे वळलं. लॅटिनमध्ये तर त्याचं ऑरँशियम असं सोन्यासारखं नावच करून टाकलं.

मुलांना उदाहरणं हवी असतील तर अस्सल इंग्लिश उदाहरणं द्या, ती जास्त लक्षात राहतील. आपला क्रिकेटमधला अंपायर! तो मुळात 'नूम्पेर' होता, जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ काय तर जोडीत न बसणारा, म्हणजे दोघांच्या भांडणात तिसरा. 'अ नूम्पेर' म्हणता म्हणता 'अ‍ॅन अंपायर' झालं. एप्रनचंही तेच, तो आधी नॅप्रन होता, नॅपकिनच्या घरातला. आणि उलटंही होतं, निकनेम मधला न हा शब्दाचा नाहीच, तो आधी एकनेम होता, 'अ‍ॅन एकनेम' मधला न पुढच्या शब्दाला चिकटला. अंपायरवरून मुलांना हे एका मिनिटात कळेल बघा, आणि मग ऑरेंजकडे वळा आणि सांगा की ही चोरी वाटेत फ्रान्स-इटलीत झाली.

माझी मुलगी पाचवीत आहे, इंद्रधनुष्याचे रंग पाठ करताना तिने विचारलं, आई आधी ऑरेंज कलर होता की आधी ऑरेंज फळ? मला उत्तर देता आलं नाही. (एक वाचक, ठाणे)

आधी फळ. तिला माझ्याकडून शाबासकी द्या, फार चांगला प्रश्न आहे.

इंग्लिशमध्ये फळाचं नाव चौदाव्या शतकात रुळलं, आणि रंगाला ऑरेंज म्हणायला सोळाव्या शतकाची सुरुवात उजाडली. म्हणजे मधे शंभर-दीडशे वर्षं फळ आहे, नाव आहे, पण रंगाला ते नाव कोणी देत नाहीये. मग त्याआधी काय म्हणायचे? जुन्या इंग्लिशमध्ये 'पिवळा-तांबडा' असा जोडशब्द होता. चौसर हा चौदाव्या शतकातला त्यांचा मोठा कवी, त्याच्या एका गोष्टीत कोंबड्याला स्वप्नात कोल्हा दिसतो, तो कोल्हा कसा तर पिवळा आणि तांबडा यांच्या मधल्या रंगाचा, शेपटीचं टोक आणि कान काळे. आता आपण कोणीही कोल्ह्याला सरळ नारिंगी म्हणू, पण चौसरकडे शब्दच नव्हता. आणि शब्द नव्हता त्याच्या खुणा अजून त्यांच्या भाषेत आहेत, रॉबिन नावाच्या छोट्या पक्ष्याची छाती चक्क नारिंगी असते पण त्याला म्हणतात लाल छातीचा, आणि ज्यांचे केस नारिंगी असतात त्यांना म्हणतात रेड हेअर.

आपल्याकडे तशी अडचण कधी नव्हती. मी मागे साडी घ्यायला गेले होते, दुकानदाराला म्हटलं ऑरेंजमध्ये दाखवा, तर त्या काकांनी हातातलं बाजूला ठेवलं आणि विचारलं, कुठलं ऑरेंज ताई? अबोली, शेंदरी, केशरी, भगवं की नारिंगी? आणि एकेक घडी काढून काउंटरवर ओळीने पसरली. पाचही शेजारी शेजारी ठेवल्यावर कळतं की खरंच पाच वेगवेगळे रंग आहेत, अबोलीत दूध मिसळल्यासारखं वाटतं, शेंदरीत लाल वर येतो, भगव्यात माती असते. प्रत्येक रंगामागे वस्तू आहे, फूल, शेंदूर, केशर, आणि नारिंगीमागे नारिंग. हे शब्द वापरत राहा प्लीज, मुलीलाही शिकवा, दुकानात गेलात तर मुद्दाम म्हणा.

आणि आता तिच्या इंद्रधनुष्याकडे येऊ. आपण सगळे शाळेत 'ता ना पि हि नि पा जा' म्हणत मोठे झालो, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. हे सात रंग ठरवले न्यूटनने. पण त्याने पहिल्यांदा प्रिझममधून उजेड पाडला तेव्हा तो पाचच मोजत होता, लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. संगीतात सूर सात, तर रंगही सात असावेत असं त्याला वाटलं आणि त्याने दोन वाढवले. कुठले दोन? ऑरेंज आणि इंडिगो. ऑरेंज आपल्या नारंगातून आलेलं, आणि इंडिगो म्हणजे नीळ, त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच 'हिंदुस्थानातली वस्तू' असा आहे. म्हणजे न्यूटनने पाचाचे सात केले ते दोन्ही शब्द आपल्या बाजूचे होते. त्याच्या ते डोक्यातही नसेल, त्याच्या काळापर्यंत दोन्ही शब्द पुरते इंग्लिश झालेले होते. पण तुमच्या मुलीला 'ना' आणि 'पा' म्हणताना हे माहीत असू दे.

मी सहा वर्षं नेदरलँडमध्ये आहे. इथे राजाच्या वाढदिवसाला आणि फुटबॉल मॅचला सगळा देश ओरान्ये म्हणजे ऑरेंज होतो, पण फळाला मात्र सिनासआपल म्हणतात. शब्द रंगाला आहे आणि फळाला नाही, असं का? (एक वाचक, आइंडहोवन)

यात तीन गोष्टी एकमेकांत अडकल्यात, सोडवून बघू.

तुमच्याकडचं ते राजघराणं ऑरेंज-नासाऊ. त्यातलं ऑरेंज हे फळ नाही आणि रंगही नाही, ते गाव आहे. दक्षिण फ्रान्समध्ये ऑरेंज नावाचं गाव आहे, रोमन लोकांचं अराउसिओ, तिथलं रोमन थिएटर अजून उभं आहे. अराउसिओ हे मूळचं एका केल्टिक जलदेवतेचं नाव, नारंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण शतकानुशतकं लोकांच्या तोंडी घासून अराउसिओचं ऑरेंज झालं, आणि हिंदुस्थानातून निघालेला नारंगही वाटेत घासत घासत तिथेच ऑरेंज झाला. दोन वेगळ्या नद्या एकाच वळणावर आल्यासारखं. 1544 मध्ये ते छोटं संस्थान वारशाने नासाऊ घराण्यातल्या अकरा वर्षांच्या विल्यमकडे आलं, हाच पुढे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा पुढारी झाला. घराण्याचं नाव ऑरेंज, मग रंगही ऑरेंज, झेंड्यावर तो, आणि आज तुमच्या ऑफिसमधल्या लोकांच्या टीशर्टवर तो. आयर्लंडच्या झेंड्यातला पट्टाही याच घराण्यातल्या तिसऱ्या विल्यमच्या, म्हणजे 1689 ला इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या राजाच्या बाजूच्या लोकांचा. आपल्या तिरंग्यातला केशरी मात्र वेगळा, त्याचं त्या घराण्याशी काही नातं नाही.

आणि फळ? सिनासआपल म्हणजे चीनचं सफरचंद. रशियन आणि स्वीडिश लोकही अपेलसिन म्हणतात, तेच ते. कारण गोड संत्रं युरोपात नीट पसरलं ते पंधराव्या-सोळाव्या शतकात, मुख्यतः पोर्तुगीजांमुळे, आणि ते चीनकडचं म्हणून ओळखलं गेलं. ज्यांना ते पोर्तुगीजांच्या हातून मिळालं त्यांनी वेगळंच नाव ठेवलं, ग्रीक लोक पोर्तोकाली म्हणतात, तुर्की लोक पोर्ताकाल, अरब बुर्तुकाल, इराणी पोर्तेघाल. सगळं पोर्तुगाल! म्हणजे ज्या अरबी आणि फारसीने नारंग शब्द जगाला पोचवला त्याच भाषांनी गोड फळ आल्यावर त्याला दुसरं नाव दिलं, नारंज फक्त आंबट फळाला राहिलं. आणि फारसीत रंगाला अजूनही नारेंजी म्हणतात. फळ पोर्तेघाल, रंग नारेंजी. ओळखीचं वाटतंय ना? आपलंही अगदी हेच झालंय. फळ संत्रं, रंग नारिंगी.

आमच्या घरी दोन पिढ्यांपासून संत्र्याची बाग आहे. व्यापारी नागपूर ऑरेंज म्हणतो, कृषी विद्यापीठातले साहेब याला ऑरेंज म्हणू नका, मँडरिन म्हणा म्हणतात. पेटीवर काय छापावं? आणि संत्रा हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंट्रा गावावरून आला हे खरं का? (एक शेतकरी, वरुड)

दादा, तुमचं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण वरच्या सगळ्याचा गुंता तुमच्याच बागेत येऊन सुटतो.

साहेब शास्त्राने बरोबर आहेत. नागपुरी संत्रं हे मँडरिन जातीचं, साल सैल, अंगठा रुतवला की सुटते, फोडी आपोआप वेगळ्या होतात. शास्त्राच्या पुस्तकात ज्याला स्वीट ऑरेंज म्हणतात ती आपली मोसंबी, जालन्याकडची, जिची साल गराला घट्ट धरून असते आणि सुरी लावल्याशिवाय निघत नाही. म्हणजे इंग्लिश माणसाच्या डोक्यातलं ऑरेंज आणि आपल्या डोक्यातलं ऑरेंज एक नाहीतच. आणि ते स्वीट ऑरेंज हे तरी काय, पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून झालेलं फळ, म्हणजे नात्याने मँडरिन त्याच्या आईबापांच्या पिढीतलं.

मोसंबी या नावाबद्दल फार वाद नाही, ते मोझांबिकवरून. लिस्बनहून गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजं मोझांबिकला थांबायची, पाणी-अन्न भरून घ्यायची, वाऱ्याची वाट बघायची, आणि तिकडून आलेल्या फळाला आपल्या लोकांनी तिकडचं नाव दिलं.

संत्र्याचं मात्र मला तितकं सरळ वाटत नाही. सिंट्राची गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आहे, मीही बरीच वर्षं तीच खरी धरून चालले होते. पण बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची जंत्री दिलीय, आणि त्यात नारंजसारखं, पण गुळगुळीत सालीचं एक फळ आहे, त्याचं नाव दिलंय संगतरा. बाबर वारला 1530 मध्ये. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. वीस वर्षांच्या आत पोर्तुगालमधल्या एका गावाचं नाव गोव्यातून निघून आग्र्या-दिल्लीपर्यंत पोचावं, इतकं मुरावं की बाबरासारख्या फळं चाखून चाखून बघणाऱ्या माणसाने ते इथलंच फळ म्हणून लिहावं, हे मला पटत नाही. त्या काळात नवं झाड लावून फळ धरायलाच पाच-सात वर्षं जातात, हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून माझं मत असं की संगतरा हा शब्द पोर्तुगीजांच्या आधीपासून उत्तर हिंदुस्थानात होता, आपलं संत्रं त्यातूनच आलंय आणि सिंट्रा हा नुसता कानाला जुळणारा योगायोग. तुमच्याकडे कलम आलं त्याची जी गोष्ट सांगतात, की नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी ते औरंगाबादहून आणलं अठराव्या शतकाच्या शेवटी, तीही बघा, झाड येताना आपलं नाव बरोबर घेऊनच आलं.

आता मँडरिन. तुम्हाला हा शब्द परका वाटतोय पण तो सगळ्यात घरचा निघाला. चीनच्या बड्या सरकारी अधिकाऱ्यांना युरोपियन लोक मँडरिन म्हणायचे, आणि त्यांच्याशी जोडून या फळाचं नाव मँडरिन पडलं. अधिकाऱ्यांसाठीचा तो शब्द पोर्तुगीजांनी घेतला मलय भाषेतून, मलयमध्ये आहे मेंतेरी, आणि मलयमध्ये तो गेला आपल्याकडून. मंत्री! संस्कृतमधला मंत्री मलायाला गेला, पोर्तुगीज जहाजावर चढला, चिनी अधिकाऱ्याच्या अंगावर बसला, तिथून फळावर, आणि आता विद्यापीठाच्या कागदावरून वरुडला परत आलाय.

तेव्हा पेटीवर मराठीत मोठ्या अक्षरांत 'नागपुरी संत्रा' छापा, खाली ऑरेंज लिहायला काहीच हरकत नाही, 2014 मध्ये जीआय टॅग, म्हणजे हा माल याच भागातला अशी सरकारी ओळख, मिळाला तोही नागपूर ऑरेंज या नावानेच मिळालाय. बाहेर देशात माल पाठवणार असाल तर मँडरिन हवंच, नाहीतर घट्ट सालीचं फळ समजून घेणारा गोंधळेल. आंबिया बहार आता तोडणीला आला असेल तुमच्याकडे, भाव चांगला मिळू दे.

आणि सगळ्यांनाच एक विनंती. नारिंग हा शब्द फळासाठी अजून कोणाच्या घरी वापरात आहे का, कोकणात, गोव्याच्या सीमेवर, कुठेही? आजी म्हणायची असं असलं तरी चालेल. असेल तर नक्की लिहा, आणि लिहिताना फळ कसं आहे तेही सांगा, साल हाताने सुटते की सुरी लागते, चव आंबट आहे की गोड, झाडाला काटे आहेत का, आणि त्याचं करता काय, नुसतं खाता की लोणचं घालता. जी पत्रं येतील ती पुढच्या अंकात गावाच्या नावासह छापू.